शेवंताबाई आणि पिशवीतला साप

शेवंताबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या औषधखिडकीच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एक मेलेला साप सरळ करत होती. मी त्याच दिवशी बदलून आलो होतो. ब्रह्मपुरीपासून चाळीसेक किलोमीटरवरचं ग्रामीण रुग्णालय, तीस खाटा, जुलै महिना. मी औषधनिर्माता. गोळ्या मोजून देणं आणि दिलेल्या लिहून ठेवणं हे माझं काम, आणि त्या ओट्यावर मी लोकांच्या गोळ्या ठेवणार होतो.

"बाई, हे इथून उचला," मी म्हणालो.

"उचलते ना भाऊ. इथीच उजेड हाय. मेलेला हाय तो, काऊन मागं सरून राह्यले?"

तिनं काडेपेटीतली एक काडी काढली. सापाचं धड मध्यावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि काडीच्या टोकानं एका बाजूच्या खवल्यांपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवं मोजत गेली. ओठ हलत होते. मग डॉक्टरांच्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "सतरा. कवड्या हाय, साहेब."

आतून आवाज आला, "बरं. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या त्याला."

तो साप घेऊन येऊन बाकावर बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा एवढ्या वेळात पहिल्यांदा सैल झाला. शेवंताबाईनं साप वर्तमानपत्रात गुंडाळला, ओटा फिनेलनं दोनदा पुसला आणि निघून गेली. पंधरा वर्षं मी वेगवेगळ्या दवाखान्यांत नोकरी केली होती. एखाद्या कक्षसेविकेच्या एका शब्दावर डॉक्टरनं निर्णय घेतल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ती मूळची जिवतीकडच्या डोंगरातली. उंचीला कमी, अंगानं बारीक, पन्नाशी उलटलेली, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. नोकरी झाडूपोछ्याची, खाटा लावण्याची, रोगी उचलण्याची. पण पावसाळा लागला की तिचं खरं काम दुसरंच असे. आमच्याकडं सर्पदंशाचा रोगी एकटा येत नाही, सोबत साप आणतो. बिस्किटाच्या डब्यात, खताच्या पिशवीत, गमछ्याच्या गाठीत. साप दाखवला नाही तर डॉक्टर बरोबर औषध देऊ शकत नाही अशी इथल्या लोकांची पक्की समजूत. साप मारत बसू नका, रोगी लवकर आणा, असा फलक दाराशीच लावलेला होता. त्याच फलकाखाली लोक पिशव्या घेऊन बसायचे.

विषावरची लस सगळ्या विषारी सापांना एकच असते. प्रश्न एवढाच असतो की द्यायची की नाही. उगाच दिली तर कुणाचं अंग सुजतं, कुणाचा रक्तदाब कोसळतो. न देता चुकलं तर माणूस जातो. त्यामुळं पिशवीत काय आहे याला मोल होतं. आणि पिशवीतला साप बहुतेक वेळा काठीनं ठेचलेला, चिखलात माखलेला, डोकं नसलेला असायचा. नाग, घोणस कुणालाही ओळखू येतात. घोटाळा होतो तो कवड्या आणि मण्यारीचा. एक पूर्ण बिनविषारी. दुसरी अशी की चावल्याचं झोपलेल्या माणसाला धड कळतही नाही.

हा फरक तिनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरत जातात. मण्यारीचं उलटं, पुढं पुसट आणि शेपटीकडं ठसठशीत. कवड्या तपकिरी, मण्यार काळीनिळी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. कवड्याचं डोकं चपटं, मानेपेक्षा रुंद. मण्यारीच्या पाठीच्या बरोब्बर मधल्या ओळीतले खवले मोठे, सहा बाजूंचे. कवड्याच्या पाठीवर तशी वेगळी ओळ नसतेच. एका कवड्याचे खवले मी माझ्या भिंगातून मोजून पाहिले. सतराच भरले.

"सतरा असले म्हणजे कवड्याच?" मी विचारलं.

"नाई. मण्यारीचे पंधरा राह्यते बहुतेक, पर कधी कधी सतरा बी निंगते. म्हून आधी पाठ पाह्याची, मंग मोजाचं. नुसतं मोजनाऱ्याचं काम नाई ते," ती म्हणाली. मी मोजणारा माणूस आहे हे तिनं ओळखलं होतं.

"शिकलात कुठं हे?"

"पिशव्या उघडून."

साप सापडला की त्याची लांबी घ्यायची हीसुद्धा तिची सवय. त्यासाठी ती बाळंतकक्षातली, नवजात बाळं मोजायची फीत न्यायची. तिथल्या सिस्टरनं एकदा ते पाहिलं.

"शेवंताबाई, ती फीत पोराची आहे."

"पोर बी दीड फूट, कवड्या बी दीड फूट. धुऊन ठेवते ना."

सिस्टरनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं शिवणाची फीत आणून दिली. शेवंताबाईनं ती कमरेला खोचली आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथंच ठेवली.

माझ्या औषधभांडारात त्या वर्षी एक जिवंत कवड्या निघाला. खोक्यामागच्या भिंतीवर, खडबडीत गिलाव्याला धरून सरळ वर चढत होता. मी दार लावून तिला बोलावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या. तुमच्या पाली खाते तो."

"मी इथं काम करतो, बाई."

"तुमी दिवसा करता, तो रातचा करते. पाली मोजून ठेवा, दोन महिन्यानं पुना मोजा."

मी खरोखर मोजल्या. अकरा होत्या. सप्टेंबर संपताना चार उरल्या. तिनं त्याला एकदा पकडून मला दाखवलं. धरल्याबरोबर त्यानं डोकं आपल्याच वेटोळ्यात लपवलं. मग एकाएकी बाहेर काढून तिच्या अंगठ्याला डसला आणि तसाच धरून राहिला. पुढचे दात लांब असतात त्याचे, पाल निसटू नये म्हणून. डोळे मण्यासारखे पूर्ण काळे, त्यांत बाहुली दिसत नव्हती. रक्ताचे चार थेंब पडले. तिनं अंगठा लुगड्याला पुसला.

तेव्हाच ती सहज बोलून गेली होती, "कवड्या कोनाचं काही करत नाई. पर तो जिथी राह्यते तिथी मण्यार कधीतरी येऊन पाह्यते. तिचं खानंच ते. दुसरे साप."

हे अंगठ्याचं ती लोकांसमोरही करायची. रोग्याचे नातेवाईक ऐकत नसले, रडारड चालली असली आणि डब्यात आणलेला कवड्या जिवंत असला, तर ती सगळ्यांसमोर हात घालायची, चाव घ्यायची आणि म्हणायची, "पाह्यलं? आता मी मेली का?" लोक हसायचे. भीती उतरायची. दोन-तीन पावसाळ्यांत तिचं नाव आजूबाजूच्या गावांत झालं. लोक केसपेपर काढायच्या आधी तिला शोधायचे. डॉक्टर बदलून गेले, नवे आले, तेही आल्यावर विचारू लागले, "शेवंताबाई काय म्हणते?" तिनं कवड्या म्हटलं की रोगी घरी. मी वहीत 'बिनविषारी' लिहायचो. माझ्या अक्षरात तो शब्द किती वेळा असेल, ते मी पुढं एकदा मोजायला बसलो आणि अर्ध्यात सोडलं.

माझ्या तिथल्या चौथ्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, सात किलोमीटरवरच्या गावातून शालिक नावाचा माणूस बायकोला मोटरसायकलवर घेऊन आला. मंदा तिचं नाव, वय केसपेपरवर एकतीस. सकाळचे पावणेआठ. शालिकच्या हातात साखरेची पिशवी, आत मेलेला साप. मंदा स्वतः चालत आत आली. पोटात दुखतं म्हणाली. उजव्या हाताच्या करंगळीला काहीतरी लागलं होतं, पण सूज नाही, खूण धड दिसत नव्हती.

शेवंताबाईनं साप पसरला. डोकं ठेचलेलं, पण पट्टे मानेपासून सुरू, पाठीवर मोठ्या खवल्यांची ओळ नाही. तिनं मोजलेसुद्धा. "कवड्या," ती म्हणाली. आणि तो कवड्याच होता. मी भिंग लावून पाहिला होता. आजही मी शपथेवर सांगेन.

"पोट दुखून राह्यलं मनते ती," शालिक म्हणाला.

"भेवानं दुखते. घरी न्या, चहा पाजा."

डॉक्टरनं दोन तास बसवून ठेवलं. धानाच्या बांधीत मजूर खोळंबले होते, शालिक दोनदा येऊन विचारून गेला. दहा वाजता सोडलं. जाताना मंदा शेवंताबाईला म्हणाली, "बाई, मले झोपच येऊन राह्यली लय." शेवंताबाई म्हणाली, "रातभर जागी होती ना."

दीड वाजता त्यांनी तिला बैलबंडीत घालून परत आणलं. पापण्या खाली आलेल्या, मान धरत नव्हती, बोललेलं समजत होतं पण तोंडातून शब्द निघत नव्हता. तिच्या उघड्या राहिलेल्या डोळ्यांच्या फटीतून ती आमच्याकडं पाहत होती. लस दिली. होती तेवढी दिली. गडचिरोलीला नेताना वाटेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई माझ्या खिडकीशी आली. "भाऊ, गाडी काढा. तिच्या घरी जाचं हाय."

मला वाटलं, भेटायला. निघताना तिनं प्लास्टिकची झाकणाची बरणी आणि खराटा घेतला.

मातीचं घर, वर कवेलू म्हणजे कौलं, आत दोन खोल्या. अंगणात माणसं बसलेली. शेवंताबाई शालिकसमोर खाली बसली.

"शालिकभाऊ, तो साप कुठी मारला?"

"भिंतीवर. वरतं, कवेलूखाली."

"मंदा कुठी झोपली होती?"

"खाली. चटईवर."

"चावताना पाह्यला का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "पहाटं उठून मने, बोटाले मुंगी चावल्यावानी झालं. मी बत्ती लावली तं भिंतीवर हा दिसला. मंग मारला."

"काल रात्री पोरं कुठी झोपले?"

"इथीच."

मला तेव्हा कळलं ती कशासाठी आली होती. ती उठली आणि न विचारता आतल्या खोलीत गेली. एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. बियाण्याची पोती, पाटा, मोहाची टोपली. धान्याच्या ढोलीमागं तिला कात सापडली. तिनं ती उजेडात धरली, पाठीची मधली ओळ पाहिली आणि मला दिली. मी भिंग काढलं नाही, गरजच नव्हती. मोठे, सहा बाजूंचे खवले नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

साप शेवटी अंथरुणाच्या वळकटीखाली निघाला. दोन्ही पोरांच्या गोधड्या त्यातच होत्या. दिवसा मण्यार सुस्त असते. चेंडूसारखी वेटोळी करून, डोकं आत घालून पडली होती. शेवंताबाईनं खराट्यानं तिला बरणीत ढकललं आणि झाकण फिरवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग बरणी अंगणात नेऊन शालिकसमोर ठेवली.

"मंग आमी मारला तो कोन होता?" शालिक म्हणाला.

"तो तुमच्या घरचा होता. पाली खात होता. ही त्याच्या मागं आली."

शालिक बरणीकडं पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तुमीच मनलं ना बाई, घरी न्या मून."

"म्हनलं," शेवंताबाई म्हणाली.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गावकऱ्यांनी मण्यार मारली. शेवंताबाईनं कमरेची फीत काढून मोजली. तीन फूट दोन इंच. मग आम्ही परतलो. दवाखान्याच्या फाटकाशी उतरताना म्हणाली, "मले माहीत होतं, भाऊ. तुमाले मीच सांगतलं होतं ते."

त्या दिवसानंतर तिनं अंगठ्याचा खेळ केला नाही. साप अजूनही पसरायची, काडीनं मोजायची, पण तिचं वाक्य बदललं. डॉक्टरच्या दारात उभं राहून म्हणायची, "साप कवड्या हाय. चावला कोन, मले माहीत नाई." आणि रोग्याला चोवीस तास हलू द्यायची नाही.

लोकांना हे पटलं नाही. ज्या बाईच्या एका शब्दावर सुटका व्हायची, तीच आता अडवून ठेवते म्हटल्यावर चिडले. "बाईचे डोये गेले." "खवले मोजू मोजू डोकं फिरलं तिचं." एकानं तर माझ्यासमोर विचारलं, "कवड्यानं मरते का कोनी? तूच मनत होती ना?" तिनं त्याच्या वहाणा उचलून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. अनवाणी जाशील तर जा म्हणाली. तो गेला नाही. नव्या डॉक्टरांनाही खाटा अडतात म्हणून राग यायचा. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा खाटेशी जाऊन बसायची. तासातासानं रोग्याला उठवायची. "वर पाह्य." तो वर बघे. पापणी पूर्ण उघडली की ती जायची. चिडून एक म्हातारा म्हणाला, "बाई, सापानं नाई मारलं मले, तू मारशीन जागवून जागवून." ती म्हणाली, "मंग मर, पर आधी वर पाह्य."

मी हिशेब ठेवत होतो. त्या सकाळपासून ती निवृत्त होईपर्यंत चार पावसाळे गेले. कवड्या घेऊन आलेले रोगी त्रेपन्न. त्यांतले बावन्न दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी गेले, बरेचसे शिव्या देत. मी एकदा तिला आकडा सांगितला. तेव्हा चाळीस झाले होते, चाळीसच्या चाळीस ठीक. ती म्हणाली, "मंदाच्या आधी बी किती तरी ठीकच गेले होते ना."

त्रेपन्नावा तिच्या शेवटच्या दिवशी आला. एकतीस जुलै. दुपारी तीनला बाह्यरुग्ण विभागात निरोपाचा कार्यक्रम ठरलेला होता. खुर्च्या मांडल्या, शाल-श्रीफळ आणलं, डॉक्टर दोन शब्द बोलणार होते. सकाळी नऊ वाजता एक जीपवाला आला होता, चाळिशीचा, धिप्पाड, ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर सवाऱ्या नेणारा. पाण्याच्या बाटलीत कवड्या. त्याला कुठंही दुखत नव्हतं.

"हाच होता बाई, मी सोताच पाह्यला," तो म्हणाला.

"चावताना पाह्यला?"

"चावल्यावर पाह्यला. दोन मिनटाचा तं फरक."

शेवंताबाईनं जीपची किल्ली मागून घेतली आणि बटव्यात टाकली.

तीन वाजले तरी तिची खुर्ची रिकामी. सगळे थांबलेले. डॉक्टरनं मला पाठवलं. ती वॉर्डात त्या जीपवाल्याच्या खाटेशी उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केसांत कुणीतरी अबोली माळलेली.

"चला बाई, सगळे थांबलेत."

"वर पाह्य," ती त्याला म्हणाली.

"किती येळ पाहू बाई? इथले सारे कवेलू मोजून झाले माह्ये," तो हसत म्हणाला. वॉर्डाला स्लॅब होता. मी हसलो. शेवंताबाई हसली नाही.

"पुना पाह्य."

त्यानं पाहिलं.

"पुना."

त्यानं तिसऱ्यांदा पाहिलं. उजवी पापणी वर गेली. डावी अर्ध्यावर थांबली. तो अजून हसतच होता. त्याला ते कळलंच नव्हतं. फक्त "बाई" म्हणताना त्याची जीभ किंचित जड झाली होती.

शेवंताबाईनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. "भाऊ," ती म्हणाली, "लस काढा. समदी काढा."

पुढच्या दीड तासात काय काय झालं ते केसपेपरवर आहे. पाचला वीस कमी असताना रुग्णवाहिका गडचिरोलीकडं निघाली. त्याचा श्वास मंदावला होता. नाकातोंडावर मास्क, त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबत राहायला माणूस हवा होता. सिस्टर एका अडलेल्या बाईपाशी होती. शेवंताबाई कुणाला न विचारता आत चढली. तिची नोकरी त्या दिवशी पाच वाजता संपत होती, म्हणजे ती संपली तेव्हा ती रस्त्यात कुठंतरी होती. जीपवाला वाचला. अकराव्या दिवशी घरी गेला आणि किल्ली न्यायला आला. शेवंताबाई गडचिरोलीहून परस्पर आपल्या गावी गेली होती. शाल आम्ही पोस्टानं पाठवली.

मी तिला त्यानंतर पाहिलेलं नाही. शेवटचं पाहिलं ते फाटकातून, रुग्णवाहिका वळताना. मागच्या काचेतून तिचा चेहरा दिसत नव्हता, ती रोग्यावर वाकली होती. फक्त कोपर दिसत होता. खाली, वर. खाली, वर. गाडी झाडांआड जाईपर्यंत मी दाब मोजले, आणि एकदाही तो चुकला नाही.